हो सर

मखमलाबादहून सुटलेल्या बसमध्ये सुनंदाताई मुलाच्या ऑनलाइन क्लासचा फॉर्म मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढच्या सीटवर एक बाई आणि तिची दहावीतली मुलगी होती. बाईच्या पिशवीत निशिगंधाचा हार होता.

"आज गुरुपौर्णिमा हाय. सरांच्या गळ्यात हार तूच घाल."

"आई, सर क्लासच्या ऑफिसात नसतात."

"असं कसं? रोज संध्याकाळी मोबाइलवर शिकवत्यात की."

"ते रेकॉर्ड केलेलं असतं. चार वर्षांपूर्वीचं. सगळ्या मुलांना तेच दाखवतात."

"मंग आपल्या घरातलं त्यांना काय ऐकू जात नाय?"

"नाही."

"मी मिक्सर लावायची नाय. तुझ्या बापाला खोकला आला की पडवीत बसवायची."

"माहितीये मला."

"अन् एखादं गणित अडलं तर?"

"लिहून पाठवायचं. 'लवकरच उत्तर देऊ' असं लगेच येतं."

"उत्तर कधी येतं?"

"तेवढंच येतं."

"मंग सरांच्या घरीच जाऊ. कुठं राहत्यात?"

"सर वारले, आई. मागच्या दिवाळीच्या आधीच. ॲपवर आलं होतं."

"काल तर 'समजलं का' म्हणून विचारत होते. तू 'हो सर' म्हणालीस. मी ऐकलं."

"हो."

"ठाऊक असून?"

"दुसरं कुणी विचारतच नाही, आई."

सुनंदाताईंनी फॉर्मची घडी घातली आणि पुन्हा उघडली. बस सिग्नलला थांबली. बाईने हारावरचा ओला कागद नीट केला.

"ऑफिसात त्यांचा फोटो तरी असंल ना?"