शेजारचा चौकोन

दीपमालाचा हात नवऱ्यानं पिरगळून मोडला होता. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांना तिनं पाय घसरल्याचं सांगितलं आणि प्लास्टर घालून ती वारज्याच्या बसमध्ये बसली. पुढच्या सीटवर कॉलेजातला एक मुलगा आणि मुलगी आपल्या फाशांच्या खेळातल्या लढाईवरून वाद घालत होते.

“संस्कृती, तू राक्षसाला खेटून उभी आहेस. पळालीस की त्याला एक वार फुकट.”

“माझी पाळी असताना?”

“हो. तेच तर रिॲक्शन.”

“म्हणजे मरेपर्यंत तिथंच उभी राहू? छान नियम आहेत तुमचे!”

“सावध माघार घे ना. मग त्याला तो वार मिळत नाही. पण त्या पाळीत तुलाही मारता येणार नाही.”

“आणि नंतर तो मागे आला तर?”

“येणारच. तो तुझ्यापेक्षा जोरात पळतो.”

“मग उपयोग काय?”

“मी ढाल मधे घालीन. पण त्यासाठी मी तुझ्या शेजारच्या चौकोनात हवा. लांबून चालत नाही.”

“मग ये की! मघापासून पटावरच्या त्या पुलावर काय करतोयस?”

दीपमालानं डाव्या हातानं बहिणीला फोन लावला.

“ताई, उद्या निघते मी.”

“तो कामावर गेला की नीघ. मी खाली रिक्षा घेऊन थांबते.”

“तो कामावर जात नाही आता. दारातच खुर्ची टाकून बसतो.”

दीपमालानं पुढच्या सीटवरच्या त्या दोघांकडे पाहिलं.

“ताई, खाली नको थांबूस. वर ये, दाराशी. भाऊजींनाही आण.”

“यांना विचारून सांगते गं.”

“विचारू नकोस. ये.”