घोंगड्यातली ऊब

निमगाव केतकीहून बारामतीच्या दवाखान्यात निघालेले मायलेक एसटीत माझ्या पुढच्या बाकावर होते. म्हातारीच्या मांडीवर सातव्या महिन्यातच जन्मलेली नात होती, घोंगड्यात गुंडाळलेली.

"सिद्धू, पोरीचं पाय गार पडलं रं."

"घोंगडं हाय की आये. मला तर उकडतंय."

"तू केवढा, ती केवढी! पातेल्यातलं दूध लवकर निवत न्हाय, वाटीतलं बघता बघता गार हुतं. हिचंबी तसंच, आत ऊब इवलीशी, अन् ती निसटाय समदं अंग."

"मग माझी चादर गुंडाळ."

"गार दुधावर झाकन ठिवलं तर ते तापतं व्हय? घोंगडं हाय ती ऊब राखतं, नवी देत न्हाय. दिस भरायच्या आत जन्मलेलं कच्चं कोकरू तुझा आबा सदऱ्याच्या आत छातीशी धरायचा."

"मग धर की."

"माझ्या हाडांत कुठं ऊब उरलीय? तू घे."

"बारशाआधी बापानं पोरीला शिवू न्हाय, तूच म्हनालीस."

"म्हनले व्हते. गुंड्या सोड."

"...घेतली."

"लागली का छातीला?"

"लागली. आये, कापतंय कोन? ही का मी?"

"तूच रं. थंडीनं कापाय बी अंगात जोर लागतो; ती कापली असती तर बरं झालं असतं."