वाइकेबाईंचे एकोणीस काठ

सन्माननीय अध्यक्ष श्री. आदो लेपिक, व्यासपीठावरच्या ग्रंथपाल श्रीमती उर्वे, आमच्या हापसालू गावच्या शाल मंडळातल्या मैत्रिणींनो, त्यांनी ओढून आणलेल्या नवरेमंडळींनो, आणि व्यासपीठावरची खुर्ची नाकारून, अंगातला कोटही न काढता दाराजवळ बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आदरणीय वाइकेबाई!

सर्वांना नमस्कार. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. वाइकेबाईंची बस साडेचारला आहे. तालिनहून बोटीने त्या फिनलंडला, मुलाकडे, कायमच्या जाणार. तेव्हा पाल्हाळ लावणार नाही.

बाईंची ओळख मी कोणाला करून देऊ? इथे बसलेल्या निम्म्या बायकांनी लग्नात त्यांच्या हातचा काठ मिरवला आहे. आम्ही अकरा जणी शालीचं अंग विणतो, काठ वेगळा विणतो, आणि तो काठ अंगाला सुईने जोडायचं काम चाळीस वर्षं एकट्या वाइकेबाईंचं. काठाशिवाय शाल म्हणजे जाळीदार फडकंच की! टाका असा सैल हवा, की धुतलेली शाल चौकटीवर ताणली तर अंग आणि काठ सोबतच पसरावेत. मी शिकायला बसले, तर माझा एकेक टाका करकचून आवळलेला. बाई म्हणाल्या, "अगं टीयू, सैल सोड जरा! काठ आहे तो, नवरा नव्हे. पळून नाही जायचा!"

हसा, हसा. आमचे हे तिसऱ्या रांगेत आहेत, तेही हसताहेत. पण वीस वर्षं झाली, मला तो टाका काही जमला नाही.

इथून पुढचं मी लिहून आणलं होतं. "बाईंची अविरत सेवा" वगैरे. दोन पानं आहेत. उर्वेबाई, ती तुमच्याकडेच राहू द्या. मला वाचवत नाही.

दोन वर्षांपूर्वी बाईंनी जोडलेला एक काठ मी हातात घेतला, तर कोपऱ्याशी विणीची चार घरं सुटलेली. पुढच्या शालीत सात. ब्याऐंशी वर्षांचे डोळे, दुसरं काय होणार? सांगायला हवं होतं ना? मंडळाने एकमताने ठरवलं, की सांगायला हवं. आणि कोणी सांगायचं म्हटल्यावर अकराही जणी कॉफीच्या कपात बघायला लागल्या. शेवटी मी म्हटलं, मी बघते. काय बघितलं मी? बाई शाल आणून द्यायच्या, मी म्हणायची, "वा बाई, किती सुंदर!" त्यांना कॉफी द्यायची, केक द्यायची, आणि त्या फाटकाबाहेर गेल्या की कात्री घेऊन अख्खा काठ उसवायची. मग माझ्या त्या आवळ टाक्यांनी पुन्हा जोडायची. असे एकोणीस काठ. प्रत्येक वेळी वाटायचं, हा शेवटचा, पुढच्या वेळी नक्की सांगेन.

विसावी शाल माझ्या लेकीच्या, केर्लीच्या लग्नाची... नाही, चुकले, तीच एकोणिसावी. विसावी झालीच नाही. मार्चमध्ये ती एकोणिसावी धुऊन चौकटीवर ताणली. शेवटची टाचणी लावली आणि कोपऱ्यातून टर्रकन फाटली. माझा टाका सुटला नाही, शालच गेली. मी रडत बसले होते, तेवढ्यात दारात वाइकेबाई. केर्लीसाठी ताजा पाव घेऊन आलेल्या. शाल डोळ्यांशी धरून त्यांनी बोटाने काठ चाचपला.

"ही माझी शिवण नाही."

"नाही, बाई."

"अशा किती?"

खोटं बोलायचं तर तेवढंही सुचेना. "एकोणीस," म्हटलं.

त्यांनी पाव टेबलावर ठेवला आणि त्या निघून गेल्या. महिनाभरात कळलं, त्यांनी घर विकायला काढलंय.

मी त्यांच्या घरी चारदा गेले. चौथ्यांदा त्यांनी दार उघडलं. म्हणाल्या, "उसवलंस त्याचा राग नाही गं. डोळे गेलेत, ते मला ठाऊक आहे. पण दोन वर्षं माझ्यासमोर बसून 'सुंदर' म्हणत होतीस. माझ्याशी खरं बोलणारं या गावात कोणी उरलं नाही, तर इथे राहून करू काय?"

त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटतं, आणि थांबवायचं कुठल्या तोंडाने, ते कळत नाही.

तर वाइकेबाई, आज सगळ्यांसमोर सांगते. तुमचे शेवटचे एकोणीस काठ वाकडे होते. घरं सुटली होती, कोपऱ्यांना चुण्या पडल्या होत्या. त्याआधीच्या हजारभर काठांना मात्र तोड नव्हती. त्यांना म्हटलेलं 'सुंदर' खरं होतं.

अध्यक्ष महोदय, मंडळाच्या वतीने मी सर्वांचे आभार मानते. पलीकडे कॉफी आणि केक आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, पाच मिनिटांची दहा झाली असतील, ते सभेने पोटात घालावं. एका गोष्टीची माफी मात्र सभेकडे मागून उपयोग नाही. आणि जिच्याकडे मागायची, तिने ती द्यावी म्हणायचा मला हक्क नाही.

बसला अजून वीस मिनिटं आहेत. बाई, तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसतेय. मी तिथे येऊन बसते. काही बोलू नका. उठून गेलात तरी चालेल.