खरवडलेलं लेबल

अरे, इथे परदेशात, मरीन परेडला आमच्या शेजारच्या तान अंकलकडे चावीचा ग्रामोफोन आहे म्हटल्यावर बाबांनी पुण्याहून येताना पणजीने गायलेली एकुलती एक रेकॉर्ड साडीत गुंडाळून आणली. घरच्या बाईचं नाव चव्हाट्यावर नको, म्हणून पणजोबांनी तिचं लेबल खरवडलं होतं.

तान अंकलनी मधोमध बोट ठेवलं. “कंपनी इथे नुसता नंबर कोरायची. लेबल छापताना नाव चुकू नये म्हणून गाणारे शेवटी स्वतःच नाव सांगायचे. थांबा जरा.”

गाणं संपलं. खरखरीतून पणजीने आपलं नाव ठणकावून सांगितलं.

बाबा डोळे पुसतच हसले. “म्हणजे माझ्या आजोबांनी ही रेकॉर्ड शेवटपर्यंत कधी ऐकलीच नाही!”