मागच्या दारातला जोड

— नाही ताई, अँप, म्हणजे अँप्लिफायर, डिकीत ठेवता येईल, कोण नाही म्हणतंय, पण तुमची डिकी मी काल बघितली ना, गच्च भरलेली — त्यात अँप दडपलं की त्याला वारा लागत नाही, तापतं, आणि तापलं की ऐन गाण्यात रुसतं. म्हणून शेजारच्या सीटखाली. हे बघा, पुठ्ठ्यावर काढूनच ठेवलंय. ही बॅटरी, तिच्यापासून वीतभरावर फ्यूज — तो लांब नाही चालत, बॅटरीजवळच हवा. ही जाड पॉवरची वायर डाव्या बाजूनं, पायपुसण्याखालून. आवाजाची बारीक केबल उजव्या बाजूनं. दोघींना शेजारी झोपवायचं नाही, सवती आहेत त्या. जवळ आल्या की इंजिनाची कुईकुई गाण्यात उतरते. छोटे ट्वीटर स्पीकर आरशाच्या कोपऱ्यात, मोठा बेस मागं, आणि दारातले चार — हं? हो, दाराचंच सांगतोय. येतो ना दारावर. पाणी घेता का? नको? बरं, राहिलं.

मागचं उजवं दार मी उघडलं सकाळी. दोष सापडला. तुम्ही म्हणत होतात ना, सगळे स्पीकर लावले की आवाज पोकळ वाटतो आणि एखादा बंद केला की उलट भरीव होतो — अगदी बरोबर म्हणत होतात. त्या एका दारात लाल आणि काळ्या वायरची अदलाबदल झालीय. बाकीच्या स्पीकरचे पडदे पुढं येतात तेव्हा हा मागं जातो, आणि मग एकमेकांचा आवाज खातात. एवढंच. दोन मिनिटांचं काम. मग अजून का नाही केलं म्हणता? — तेच तर.

काल मी काय काय बोललो ते तुम्ही ऐकलंत. कुठल्या गाढवानं हे काम केलंय, याला वायर धरायला कोणी शिकवलं, असल्यांनीच धंदा बदनाम केला — ऐकलंत ना? आमच्याकडं रीतच आहे ताई, आधीच्या माणसाला शिव्या घातल्याशिवाय पक्कड हातात धरता येत नाही. तर ते गाढव — ते मी. मीच. गाडी तेव्हा पांढरी होती, तुमची निळी, म्हणून ओळखली नाही. पण दाराचं आतलं कव्हर काढलं, टेप गुंडाळलेला जोड हातात आला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी डावखुरा आहे. सगळं जग टेप एका बाजूनं गुंडाळतं, माझी दुसऱ्या बाजूनं पडते. टोक शोधताना लोक वैतागतात. दादा चिडवायचा, तुझी टेप सोडवायची तर आरशात बघून सोडवावी लागते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हे दुकान त्याचं. होतं. मी दहावीत दोनदा गचकलो तेव्हा त्यानंच मला इथं आणलं, हात धरून शिकवलं — वायर किती सोलायची, दाराच्या बिजागरीपाशी किती ढिली ठेवायची, सगळं. आणि मी काय केलं, तर खाल्ल्या घरचे वासे मोजले. सहा वर्षांपूर्वी ही गाडी एका डॉक्टरची होती. दोन दिवसांत ते परत आले, तुमचीच तक्रार घेऊन, मागच्या उजव्या दारावर बोट ठेवून, चारचौघांत आवाज चढवून. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली. आणि मी पटकन म्हणालो — 'ते मागचं दार दादानं केलंय. त्याची नजर आता अधू झालीय, लाल-काळं नीट दिसत नाही.' असं. वर तोंड करून. दादा तिथंच उभा होता, हातात स्क्रू घेऊन. बघत राहिला माझ्याकडं.

नाही हो, मला खरंच वाटलं होतं त्यानं केलंय. म्हणजे घाईचा दिवस होता, दोन दारं त्यानं केली, दोन मी, कोणतं कोणाचं हे कोण लक्षात — बघा, परत तेच करतोय मी. नाही ताई. ठाऊक होतं. तोंडातून शब्द निघत होते तेव्हाच ठाऊक होतं, की ते दार माझं आहे. डॉक्टर चिडून गाडी घेऊन गेले ते परत फिरकले नाहीत, म्हणून उघडून बघायची वेळच आली नाही. सुटलो, असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आणि मग लोक म्हणायला लागले, 'तुम्हीच करा हो, दादांना नका देऊ.' त्याच्यासमोर म्हणायचे. महिनाभर त्यानं ऐकून घेतलं, मग एका सकाळी पकडी, टेस्टर, सगळं पुसून बाकावर मांडून ठेवलं आणि गेला. भांडलाही नाही. भांडला असता तर मी चार शब्द उलटे बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. आता चाव्या कापतो, डुप्लिकेट. केसाएवढी चूक झाली तरी कुलूप उघडत नाही त्या कामात — आणि त्याची नजर गेलीय म्हणे! आईसुद्धा अजून विचारते, त्याचे डोळे कसे आहेत रे. मी म्हणतो, बरे आहेत. त्याच्या गल्लीतून मी जात नाही, मागून वळसा घालून जातो. सहा वर्षं.

तुम्ही अशा का बघताय? — काय? त्यानंच पाठवलं तुम्हाला? कधी? दुसरी चावी करायला गेल्या होतात... हं. मग काल का नाही बोललात? — हो, मी बोलूच दिलं नाही. काय म्हणाला? नाही, जसं म्हणाला तसं सांगा. रंग बदलला तरी गाडी ओळखली त्यानं? आणि?

'माझ्या धाकट्याकडं न्या. मागचं उजवं दार त्याच्याच हातचं आहे, त्याला लगेच सापडेल.'

असं म्हणाला. त्याच्याच हातचं. रागानं म्हणाला? — नाही? साधंच. चावी घासता घासता.

म्हणजे त्याला तेव्हाच...

तुम्ही संध्याकाळी या ताई. होईल गाडी. नाही, आता काही नका सांगू. निघा. खरंच निघा तुम्ही.