मॉनिटरची जाड वायर

आवं जयराज, पिशवी काय उचलतासा, आधी बगा तरी — अक्षरांमागं सावली दिसतीया का न्हाई? दिसतीया न्हवं? मग! गेल्या खेपेला म्हणालासा, "संयोगिताबाई, तुमच्या डोळ्यांतच दोष हाय" — आता तुमच्याबी डोळ्यांत आला म्हणायचा. ही लग्नपत्रिका बगा, खाली किलबिलमधी चार पोरं हायत, सावलीमुळं आठ झाल्यात! आप्पासोमामा सकाळधरनं माझ्यावर खेकसाय लागल्यात. प्रेस त्यांची, म्हणून काय भाचीनं सगळं ऐकायचं? म्हणत्यात, साताऱ्यासनं येणारा हा मेकॅनिक बंद, आता सांगलीतलाच बगतो. मी म्हटलं, मामा, त्या बिचाऱ्याचा काय दोष?

न्हाईच की दोष! पयल्यांदा मॉनिटर नुसता थरथरायचा, माझं डोकं उठायचं. तुमी साठ हर्ट्झचं पंच्याऐंशी केलंसा, थरथर गेली — तर ही सावली आली. मग म्हणालासा, काउंटरपतूर आणलेली वायर लांब अन् बारीक, तिला एवढं झेपत न्हाई. जाड वायर आणून लावलीसा. लय झ्याक वायर, खोटं कशाला बोलू? लावली की सावली गायब, काढली की हजर —

म्हंजे... काढली असती तर, म्हणते मी. कोण कशाला काढंल? उंदरानं... आवं, त्या ड्रॉवरला हात लावू नगा! माझा जेवणाचा डबा हाय त्यात. भाकरी हाय. जयराज, सांगून ठेवते —

उघडलासाच.

हसू नगा. व्हय, मीच काढली. मग काय करू? मॉनिटर आजारी पडल्याबिगर तुमी कवा सांगलीत पाऊल टाकतासा? अन् आलासा की तोंड त्या मॉनिटरच्या पाठीमागं, बोलणं सगळं हर्ट्झचं! रविवारी रहिमतपूरचा एकजण मला बघाय येणार हाय. मामांनी पोह्याचं सामानबी आणलंय. मला न्हाई बसायचं त्याच्यापुढं. आता तरी डोक्यात शिरलं का?

न्हाई न्हाई, लावू नगा ती वायर! घरी न्या. शनिवारी तुमच्या आईंच्या हातानं परत पाठवा — अन् नुसती वायर न्हाई, संगट खण-नारळ. तुमीबी या, नायतर लावणार कोण? मान काय हलवतासा नंदीबैलागत? येणार का न्हाई? ...बरं. मग जावा आता, साताऱ्याची एस्टी जाईल. जावा म्हणते न्हवं! गिऱ्हाईक दारात उभं हाय.

या काका, या. पत्रिका व्हय? आज न्हाई जमायचं, मॉनिटर बिघडलाय. सोमवारी या. शनिवारी नीट होणार हाय.