पाणकर नावाची फाईल

अध्यक्षस्थानी बसलेल्या शकुंतलाबाई, मंचावरचे पाहुणे, आज ज्यांना जड मनाने निरोप द्यायचा त्या रेणूमॅडम, आणि आपल्या पाणीवापर संस्थेच्या सभासद बंधुभगिनींनो! मी श्यामलाल, संस्थेचा कॉम्प्युटरवाला. मला माईकसमोर उभं केलं, ही आयोजकांची हिंमत म्हणायची.

मॅडमचं काम सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागते. तीन वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीची यादी, मोबाईलवरचे निरोप, सभासदनोंदणी असे तीन प्रोग्राम मी लिहिले. तिन्ही आपापलं दार उघडून डेटाबेसात, म्हणजे नोंदींच्या कोठारात, शिरायचे. दार लावायचं मात्र मी कुठेच लिहिलं नव्हतं. उन्हाळी धानाला पाणी सुटलं त्या सकाळी शेकडो दारं उघडी पडली आणि कॉम्प्युटर अडला. पाळी कोणाची, कोणालाच सांगता येईना. शेवटच्या टोकाच्या पुष्पाबाईंचे पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, त्या आठवड्यात वाळले. त्या समोरच बसल्या आहेत. तेव्हा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मॅडम माझ्या वरिष्ठ म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी काय करावं? आपल्या आजोबांना फोन लावला! उमरावजी त्यांच्या गावच्या तलावाचे पाणकर. तलावाची पाळ, म्हणजे बांध, कोणी फोडायची नाही आणि पाणी सोडायचं तोंड पाणकराशिवाय कोणी उघडायचं नाही. गावचा कितीही मोठा माणूस असो, पाणी पाणकराकडेच मागायचं. सगळं ऐकून आजोबा म्हणाले, "दहा जण दहा जागी पाळ फोडून राहिले, त तलाव कायले राहीन?"

सांजेपर्यंत मॅडमनी एक क्लास, म्हणजे बाकी प्रोग्रामांनी वापरायचा एक छोटा प्रोग्राम, लिहिला. नाव ठेवलं पाणकर. कोणत्याही प्रोग्रामला नोंद हवी तर त्याच्याकडे मागायची. तो दार उघडेल, नोंद देईल आणि मधेच काही बिघडलं तरी दार लावूनच परतेल. मोजून साठ ओळी. आज त्यावर अकरा प्रोग्राम चालतात, आणि त्यातली एकही ओळ कधी बदलावी लागली नाही. मी अजूनही ती फाईल नुसती वाचत बसतो. एवढ्याशा जागेत इतकं शहाणपण मावलं कसं? खरं सांगतो, मी थक्क होतो.

काल कामाचा ताबा घेताना ती उघडली. पहिली ओळ आजवर होती, "पाणकर: रेणू." तेवढी एक बदललेली दिसली. आता तिथे माझं नाव आहे. मी म्हटलं, मॅडम, दारं उघडी टाकणारा मीच ना?

त्या म्हणाल्या, "म्हणूनच. तुम्ही आता विसरणार नाही."

अध्यक्षांनी वेळ दिला, मंडळींनी ऐकून घेतलं, ऋणी आहे. पुष्पाबाई, तुमची माफी मागायची राहून गेली होती, ती आज सगळ्यांसमोर मागतो. बोलण्यात चुकलंमाकलं असेल, तेही त्यातच पोटात घाला.